तात्यांची सायमनी

सायमनी हा शब्द आमच्या घरात मी आणला, आणि त्याची शिक्षा म्हणून पुढं कित्येक वर्षं तो मलाच रोज ऐकावा लागला.

नव्वदीची सुरुवात होती. मी बारामतीला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. आमचं गाव लोणी भापकरच्या थोडं पुढं. सकाळची एसटी चुकली की दिवस बुडाला. युरोपातल्या चर्चच्या भानगडींवर आम्हाला एक धडा होता, त्यात हा शब्द आला. सर त्यावरून जे घसरले ते थेट पुढच्या पानावर. मला अशी अडलेली जागा सोडून पुढं जायची चीड येते. मी ग्रंथालयात जाऊन जाडा शब्दकोश काढला. अर्थ निघाला तो असा : पाद्र्याची किंवा बिशपची जागा पैसे घेऊन विकायची, नाहीतर पैसे देऊन विकत घ्यायची, ती सायमनी. त्यामागं एक गोष्टही होती. एक जादूगार पैशाची थैली घेऊन येशूच्या शिष्यांकडं गेला आणि म्हणाला, तुमच्या हातात जी शक्ती आहे ती मला द्या, किती घेणार बोला. त्यांनी त्याला झापून हाकलून दिलं. त्याच्याच नावावरून हा शब्द आला.

संध्याकाळी घरी आले तर तात्या, म्हणजे माझे वडील, ओसरीवर पत्रावळी टाचत बसले होते. आम्ही गुरव. गावच्या भैरवनाथाची पूजा आमच्या भावकीतल्या चार घरांत वाटलेली. वर्षातले तीन महिने एका घराची पाळी. त्या तीन महिन्यांत देवाची आंघोळ, दिवाबत्ती, नैवेद्य, ढोल, सगळं त्या घरानं बघायचं. आमची पाळी नसायची तेव्हा तात्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायचे, आणि बाजारात कागदी पत्रावळ्या आल्यापासून त्या लावता लावता कागदाला शिव्या घालायचे.

मी दप्तर टाकायच्या आत त्यांनी विचारलं, "आज काय शिकीवलं?"

हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. स्वतः चौथी शिकलेला माणूस, पण माझ्याकडून रोजचा हिशोब घ्यायचा. मी पाद्री, बिशप, चर्च असं सगळं समजावून सांगायला लागले. त्यांनी हातातली काडी थांबवली.

"म्हंजी गुरवकी इकायची," ते म्हणाले.

माझं लांबलचक भाषण त्या दोन शब्दांत आटोपलं. मी जरा हिरमुसलेच.

"त्येंच्यातबी हाय व्हय हे?" तात्या खूश होऊन म्हणाले. "मला वाटलं आपल्यातच हाय. नाव काय म्हनलीस त्येचं?"

"सायमनी."

"सायमनी," त्यांनी हळूच म्हणून बघितलं. मग आत आईला ओरडून सांगितलं, "अगं, ऐकलंस का? सायबाच्या देशातबी गुरव येकमेकांची पाळी ढापत्यात!"

तेव्हापासून तो शब्द तात्यांनी जो वापरायला काढला त्याला तोड नाही. गावच्या जत्रेत देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा याचा लिलाव व्हायचा. तात्या ढोल वाजवत माझ्याकडं बघून ओठ हलवायचे : सायमनी. भजनी मंडळात पुढची टाळकऱ्याची जागा एकानं पेटी दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर मिळवली, तीही सायमनी. पण वाटेल तिथं मात्र ते तो शब्द लावू द्यायचे नाहीत. एकदा शेजारच्या काकूंनी कंडक्टरला पेरू देऊन पुढची सीट धरली, तेव्हा मी म्हटलं, "तात्या, सायमनी." तर मलाच ओरडले.

"ह्यो नुस्ता वशिला. शीट काय द्येवाची हाय?"

"मग सायमनी कशाला म्हणायचं?"

तात्यांनी पानाचा देठ खुडत विचार केला. "जी वस्तू आपली न्हाय, आपल्याला नुस्ती सांबाळाया दिलीया, ती इकायची. त्येला."

माझ्या शब्दकोशात हे इतकं नीट लिहिलेलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही, नाहीतर महिनाभर मिरवले असते.

पुढं माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं आणि मुलाखतींचा फेरा सुरू झाला. फाइल काखेत मारून मी दोन वर्षं बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या शाळा पालथ्या घातल्या. मुलाखत चांगली व्हायची, चहा मिळायचा आणि शेवटी कुणीतरी घसा खाकरून इमारत निधीचा विषय काढायचं. मी तोंडाची फटकळ. एका ठिकाणी विचारलं, इमारत तर पूर्ण दिसतेय, मग निधी कशाला? तिथला चहासुद्धा अर्धा राहिला.

इंदापूरच्या बाजूच्या एका शाळेत मात्र माझं काम जवळजवळ झालं. हेडमास्तरांना माझं शिकवणं मनापासून आवडलं होतं. मी सातवीच्या वर्गावर पाठ घेतला तेव्हा पोरं घंटा झाल्यावरही उठली नव्हती. जागा इंग्रजीची, कायम. फक्त देणगी द्यायची होती, आणि ती आठ दिवसांत सांगायची होती. रक्कम लिहीत नाही. आज ती कुणाला फार वाटायची नाही. आमच्या घरात तेव्हा ती मावत नव्हती.

घरी येऊन मी सांगितलं, तेव्हा तात्या म्हणाले, "शाळा म्हंजी द्येऊळच की. मग ही सायमनीच झाली."

"झाली तर झाली," आई चुलीपुढून म्हणाली. "पोरीला येवढं शिकवून घरात भाकऱ्या थापाया ठिवायची का? तुमचा शबुद घिऊन काय चाटायचाय?"

आईचं खरं होतं. मलाही ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की त्या शाळेतल्या फळ्याचा उजवा कोपरा उडालाय हेसुद्धा मला पाठ झालं होतं. पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, वयानं धाकटे. चार घरांतलं एक घर त्यांचं. पण ते स्वतः वालचंदनगरला कंपनीत, क्वार्टरमध्ये राहायला. त्यांची पाळी त्यांचा मुलगा गावात राहून करायचा. अण्णांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांना देवाजवळ येऊन राहायचं होतं. माणूस लोभी नव्हता. सुट्टीला गावात आला की आधी देवळात जायचा, मग घरी. चहा पिताना त्यांनी बशीतच बघत विषय काढला.

"तात्या, राग मानू नगा. तुमची पाळी मला कायमची द्या. माज्या पोराला सा महिनं हुत्याल, त्येचं पोट भागंल. आन् पोरीच्या शाळंचं काय आसंल त्ये मी बगतो. समदं."

तात्यांना मुलगा नव्हता. मी एकटीच. त्यांच्यामागं आमची पाळी तशीही अण्णांच्याच घरात जाणार होती. म्हणजे हिशोबानं अण्णांचं काही चूक नव्हतं. फक्त तात्या अजून साठीलाही टेकले नव्हते, आणि पाळीचे तीन महिने सोडले तर उरलेलं वर्ष ते त्या तीन महिन्यांची वाट बघण्यात काढायचे. पहाटे देवाला आंघोळ घालताना ते त्याच्याशी गप्पा मारायचे. पाणी गार हाय, वाईच दम धरा, असं. लहानपणी मला वाटायचं की देव त्यांना उत्तरही देत असणार, नाहीतर इतकं कोण बोलतं.

"तात्या, न्हाय म्हणा," मी म्हटलं.

"तू मदी बोलू नगं," तात्या म्हणाले. मग अण्णांना म्हणाले, "द्येवाला इचारू. कौल लावू."

कौल लावायचा म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांखाली कण्हेरीची एकेक कळी पाण्यात बुडवून चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावातली लग्नं, विहिरी, भांडणं त्या दोन कळ्यांवर ठरायची. तात्यांचा कौल म्हटलं की लोक वाद घालत नसत. परगावाहून माणसं यायची आणि आमची पाळी नसली तर ती लागेपर्यंत थांबायची, इतका त्यांच्या हातावर भरवसा. तात्या कळ्या एका मापाच्या निवडायचे, दोन्हीकडची जागा पुसून घ्यायचे आणि कळी पडेपर्यंत डोळ्याची पापणी हलवायचे नाहीत.

पण स्वतःचा कौल गुरवानं स्वतः लावायचा नाही, अशी आमच्यात रीत. अण्णा तर घेणारेच, त्यांना कसं सांगायचं? उरलेल्या दोन घरांपैकी एकाशी आमचं बोलणं बंद होतं. दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या आबांचा हात इतका कापायचा की कळी देवाला लागायच्या आधीच खाली यायची.

"तू लाव," तात्या मला म्हणाले.

"मी? माज्याच नोकरीचं हाय की."

"पाळी माजी हाय, इषय माजा हाय. तू फकस्त फुलं लाव."

गुरवाच्या लेकीला गाभाऱ्यात कुणी अडवत नसे. माझा हात बघून बघून तयार होता. अण्णांनाही चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवळात गेले. पाळी तेव्हा आमचीच चालू होती, त्यामुळं तात्या पहाटेच येऊन देवाचं सगळं उरकून बसले होते. आई आणि अण्णा बाहेर मंडपात उभे राहिले. तात्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी.

मी कळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या अंगाकडं बघितलं. डाव्या खांद्याखाली ताजा शेंदूर होता. तेलात कालवलेला, ओला, बोटभर जाड. उजवीकडं जुना सुकलेला लेप, लख्ख पुसलेला.

मला कळायला वेळ लागला नाही. ओल्या शेंदरात रुतवलेली कळी आठ दिवस पडत नाही. म्हणजे डावी पडणार नव्हती. उजवी पडणार होती. देव होय म्हणणार होता, पाळी अण्णांना जाणार होती आणि मला नोकरी लागणार होती. तात्यांनी पहाटे एकट्यानं बसून देवाचं उत्तर तयार करून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर क्षणभर मला आनंदच झाला. फळ्याचा तो उडालेला कोपरा डोळ्यांपुढं आला. मग मी मागं वळून बघितलं. तात्यांनी डोळे मिटले होते. कौलाच्या वेळी कधीही पापणी न हलवणारा माणूस डोळे गच्च मिटून उभा होता. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कौल चोख लावले आणि जी एकमेव चोरी केली ती माझ्यासाठी. मला न विचारता. माझ्याच हातून करवून घ्यायला निघाले होते!

मी उजव्या हाताचा अंगठा त्या ताज्या शेंदरात बुडवला, तो उजव्या कळीच्या पाठीला फासला आणि कळी उजवीकडं दाबून बसवली. डावी कळी शेंदूर चुकवून कडेला, कोरड्या दगडावर, नुसती टेकवली.

तात्यांनी प्रश्न विचारला. मी हात मागं घेतला न घेतला तोच डावी कळी घरंगळली.

"डावी," मंडपातून अण्णा म्हणाले.

तात्यांनी डोळे उघडले. खाली पडलेली कळी बघितली, मग वरची. वरच्या कळीकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या हातावर आली. माझा अंगठा नारिंगी झाला होता. अण्णा पाया पडायला आत येत होते. तात्या झटकन पुढं झाले, माझा हात ओढला आणि धोतराच्या सोग्यानं अंगठा पुसून टाकला. लहानपणी जेवल्यावर पुसायचे तसा, खसाखसा.

अण्णा म्हणाले, "द्येव नगं म्हनला, मंग नगं." घरी येऊन जेवले आणि दुपारच्या गाडीनं वालचंदनगरला गेले. त्यांनी मनात काही ठेवलं नाही. शाळेला मी नाही म्हणून कळवलं. आईनं दोन दिवस माझ्याशी आणि देवाशी अबोला धरला.

मला वाटलं, मिटलं. पाळी वाचली. मी मनातून स्वतःवर खूश होते.

पण पुढच्या आठवड्यात एक माणूस विहिरीचा कौल लावायला आला आणि तात्यांनी त्याला सांगितलं, "मला आता नीट दिसत न्हाय. दुसऱ्याची पाळी लागली की या." मग आणखी एक आला, त्यालाही तेच. पूजा करायचे, आंघोळ घालायचे, दिवा लावायचे, पण कौल नाही. आंघोळ घालताना देवाशी बोलणंही कमी झालं. आणि सायमनी हा शब्द घरातून गेलाच. जत्रेत पालखीच्या खांद्याचा लिलाव झाला, मी मुद्दाम तात्यांकडं बघितलं, तर ते ढोलाकडं बघत होते. जो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते त्याची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी एकदा पत्रावळीची पानं निवडताना मी तोंड उघडलं. "तात्या, तुमाला चांगलं दिसतंय. कौल का लावत न्हाय?"

त्यांनी पानं खाली ठेवली.

"द्येवाचा शबुद आपल्याकडं सांबाळाया दिला हुता," ते म्हणाले. "त्यो मी तुज्यासाटी इकला. तू माज्यासाटी इकलास. आता लोकांला कोंच्या तोंडानं सांगू, उजवी दिली म्हनून?"

"आपण कुणाचं पैसं घेतलं?"

"पैसं न्हाय घेतलं म्हनून काय झालं?"

मी त्यांनी खाली ठेवलेली पानं उचलून निवडायला लागले. मी त्यांची पाळी वाचवली होती आणि त्या पाळीतला त्यांचा सगळ्यात मोठा मान घालवला होता. ते मला बोलले नाहीत याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दोन वर्षं मी बारामतीत शिकवण्या घेतल्या. मग सोमेश्वरनगरच्या पलीकडं एका शाळेत जागा निघाली. इंग्रजीला माणूस मिळत नव्हता, साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता आणि वर्ग रिकामा पडला होता. मुलाखतीत कुणी घसा खाकरला नाही. मी चहा पूर्ण प्यायले आणि नेमणुकीचं पत्र घेऊन बाहेर पडले. स्टँडवर पेढे घेतले आणि गावात उतरून घरी न जाता सरळ देवळात गेले. आमचीच पाळी चालू होती.

तात्या समई घासत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. चौथीच्या अकलेनं त्यांनी ते ओळीवर बोट फिरवत पूर्ण वाचलं, शिक्क्यासकट. मग विचारलं, "किती द्यावं लागलं?"

"काय बी न्हाय."

"काय बी न्हाय?"

"तात्या, एक रुपया न्हाय. चहाबी त्यांनीच पाजला."

त्यांनी पत्राची घडी करून ती देवाच्या पायाशी ठेवली आणि तिथंच जरा वेळ वाकून राहिले. मग उठले, हात धुतले आणि परडीतून कण्हेरीच्या दोन कळ्या निवडल्या. एका मापाच्या. ओल्या फडक्यानं देवाचे दोन्ही खांदे पुसले, मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसले. मला म्हणाले, "हात लावून बग. ऱ्हायलाय का शेंदूर कुठं?"

मी दोन्हीकडं हात फिरवून बघितला. कुठंच नव्हता.

"सवताचा कौल सवता लावत न्हाईत," मी म्हटलं.

"म्हनूनच दोगांनी लावायचा. डावी तू, उजवी मी."

आम्ही दोघांनी एकेक कळी टेकवली. तात्या मागं सरले आणि देवाला मोठ्यानं, पूर्वीसारखं, घरच्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "दोगांचं चुकलं. पोरीचं बी आन् माजं बी. पदरात घेतलं का न्हाय त्ये सांगा."

आम्ही वाट बघत राहिलो. कळ्या हलल्या नाहीत. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं. तात्यांचे डोळे सताड उघडे होते. उभं राहून माझे पाय दुखायला लागले, म्हणून काहीतरी करायचं म्हणून मी पेढ्यांचा पुडा सोडला आणि देवापुढं सरकवला.

तात्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडं मागं ढकलला.

"कळी पडल्याबिगर पेढं ठिवू नगं," ते म्हणाले. "सायमनी हुईल."

दोन वर्षांनी तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला. मला हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं. तात्या कळ्यांवरची नजर न काढता गालात हसत होते. मी पुडा मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसले. आईचा जेवायला बोलावणारा निरोप आला, तात्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. पाळी त्यांचीच होती, घाई कसलीच नव्हती.